अंगणातली करवंदीची जाळी



घरच्या बागेत काय लावावे असा प्रश्न निघाला की गुलाब, मोगरा, जास्वंद आणि फार तर पेरू, लिंबू, पपई एवढी नावे आपल्यासमोर येतात. रानातले एखादे फळझुडूप मुद्दाम आणून अंगणात वाढवावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रानमेवा रानात आपोआप होतो, कोणी तरी तो टोपलीत घालून शहरात आणते, आपण पानाच्या द्रोणातून विकत घेतो आणि पुढच्या वैशाखापर्यंत विसरून जातो. रानमेव्याशी आपला संबंध एवढाच. हा संबंध थोडा अधिक जबाबदारीचा व्हावा, एवढ्यासाठी आजचे हे भाषण आहे. त्यासाठी मी निवडलेले झुडूप म्हणजे करवंदीची जाळी.

अलीकडे इंदूरच्या मोठ्या दुकानांतून ब्लूबेरी नावाचे निळसर फळ लहान लहान डब्यांतून मिळू लागले आहे. ते चाखल्यावर बागेची हौस असलेले लोक विचारतात की हे झुडूप आपल्याकडे लागेल काय. ह्याचे सरळ उत्तर असे, की कुंडीत खास माती भरून आणि आम्लयुक्त पाणी घालून ते कदाचित जगवता येईल. पण माळव्याच्या भूमीत ते सुखाने नांदणार नाही. ह्या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते. मातीचा सामू साडेचार ते साडेपाचच्या आसपास असला तरच त्याची मुळे अन्न घेऊ शकतात, आणि त्याच्या बहुतेक जातींना लांबलचक हिवाळाही हवा असतो. आपली काळी माती बहुधा साडेसाताच्या वर, म्हणजे नेमकी उलट्या टोकाला. ब्लूबेरीची भावंडे आपल्या देशात नाहीत असे नाही. निलगिरीच्या थंड, ओलसर माथ्यावर त्या कुळातली झुडपे आपोआप वाढतात. परंतु निलगिरी म्हणजे माळवा नव्हे.

मात्र ब्लूबेरीचे फळ नाही तरी तिची कथा आपण जरूर उचलावी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे फळ अमेरिकेत आपल्या करवंदासारखेच केवळ रानातले होते. लोक जंगलात जाऊन ते वेचीत. हे झुडूप बागेत जगत नाही अशीच सर्वांची समजूत होती, कारण जो तो त्याला चांगली, सुपीक, चुना घातलेली माती देई आणि ते मरून जाई. फ्रेडरिक कोव्हिल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवून दिले की ह्या झुडपाला आम्लधर्मी माती हवी असते. ते वाचून न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ व्हाइट ह्या बाईंनी १९११ मध्ये त्यांना पत्र लिहिले आणि आपली जमीन प्रयोगांसाठी देऊ केली.

ह्या बाईंनी पुढे जे केले ते मोठे मार्मिक होते. त्यांच्या भागातल्या रानांत फळे वेचणारे जे लोक होते, त्यांना कोणत्या झुडपाचे फळ मोठे आणि कोणत्याचे गोड हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बाईंनी त्यांच्या हाती एक पट्टी दिली. तिला इंचाच्या पाच अष्टमांश रुंदीचे छिद्र होते. ज्या झुडपाची फळे त्या छिद्रातून खाली पडणार नाहीत, ते झुडूप दाखवा आणि मोबदला घ्या, असे त्यांनी सांगितले. सापडलेल्या झुडपाला शोधणाऱ्याचेच नाव देण्यात आले. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेले झुडूप ‘रूबेल’ ह्या नावाने आजही लावले जाते. १९१६ मध्ये बागेत पिकवलेली ब्लूबेरी प्रथम बाजारात गेली. ह्या यशात शास्त्रज्ञाच्या प्रयोगाइतकाच वाटा त्या रानात हिंडणाऱ्या माणसांच्या ज्ञानाचा होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

आता आपल्या करवंदाकडे वळू. करवंदाचा मान फार जुना आहे. संस्कृतात ह्याला करमर्द म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘हृद्य’ अशा दहा द्रव्यांची जी गणना आहे, तीत आंबा, बोर, डाळिंब आणि महाळुंग ह्यांच्या पंक्तीला करमर्दही बसला आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे हे झुडूप कण्हेर आणि तगर ह्यांच्या कुळातले. म्हणूनच त्याचे पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो. बारमाही हिरवी, चकचकीत पाने, जोडीजोडीने येणारे कठीण काटे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले, असे त्याचे रूप. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर वैशाखात ही फळे काळी होतात. मग ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी देत ती टोपल्यांतून गावात येतात. फळ फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढुरके निघाले तर कोंबडी, हा मुलांचा खेळ महाराष्ट्रातून इंदुरात येऊन राहिलेल्या घरांनाही अपरिचित नाही.

इंदूरच्या मराठी माणसाचा मात्र येथे एक लहानसा घोटाळा होतो. घरात आपण करवंद म्हणतो, आणि बाजारात भाजीवाला त्याला करौंदा म्हणतो. म्हणून ही दोन्ही फळे अगदी एकच असे आपण धरून चालतो. वस्तुतः पावसाळ्यात भाजीबाजारात जो हिरवा-गुलाबी, आंबट करौंदा येतो, तो बागांतून लावलेल्या मोठ्या फळाच्या प्रकारचा असतो आणि तो लोणच्यासाठी कच्चाच तोडलेला असतो. विंध्याच्या कोरड्या रानांतून मिळणारे बारीक, काळे, गोड करवंद हे त्याचे रानातले भावंड होय. त्याचे झुडूप ठेंगणे आणि फळ लहान असते. लोणच्यासाठी पहिले, आणि नुसते खाण्यासाठी दुसरे. बागेत लावण्यापूर्वी आपल्याला ह्यांतले कोणते हवे, हे ठरवलेले बरे.

येथे कोणी म्हणेल, की रानात करवंदे आहेत तोवर अंगणात कशाला? ह्याचे उत्तर देण्यासाठीच मी ब्लूबेरीची कथा सांगितली. रानातली प्रत्येक जाळी वेगळी असते. एकीचे फळ तुरट, एकीचे पिठूळ, आणि वीस जाळ्यांत एखादीचे असे, की खाणाऱ्याने ती जागा कायमची ध्यानात ठेवावी. ही जागा गुराखी, आदिवासी बाया आणि रानात हिंडणारी मुले ह्यांनाच ठाऊक असते. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. डोंगरावरून रस्ता रुंद करायचा ठरला, किंवा खडीसाठी टेकडी फोडायची ठरली, तर निदान मोठ्या झाडांची मोजदाद होते आणि त्यांच्या तोडीची परवानगी मागितली जाते. झुडपाची मोजदाद कोण करतो? जाळी एका दुपारी उपटून निघते. तिच्याबरोबर ते विशिष्ट गोड फळही कायमचे जाते, आणि ते गेल्याची नोंद कोठेही होत नाही. इंदूर चारी दिशांना वाढले आहे. जेथे पूर्वी माळ होते तेथे वसाहती आहेत, आणि जेथे काटेरी कुंपणे होती तेथे सिमेंटच्या भिंती आहेत. अशा वेळी शंभर घरांच्या अंगणांत शंभर निरनिराळ्या जाळ्या वाढत असतील, तर रानात नाहीशी झालेली जात निदान कोठे तरी शिल्लक राहील. घरच्या बागेचे हे काम मला शोभेच्या कामापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

ह्यावरून कोणी कुदळ घेऊन विंध्याच्या उतारावर जावे असा अर्थ मात्र कृपा करून काढू नये. रानातली वाढलेली जाळी उपटून आणणे तीन प्रकारांनी वाईट. एक तर वनभूमीतून असे झाड काढणे कायद्याला धरून नाही. दुसरे, तिचे सोटमूळ दगडांच्या सांदीत खोल गेलेले असते. ते तुटले की झुडूप बहुधा जगत नाही, म्हणजे रानातलेही गेले आणि घरातलेही. तिसरे, त्या जाळीवर पाखरांचा आणि फळे विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाईचा हक्क आपल्याआधीचा आहे. आपल्याला हवे आहे ते केवळ बी, आणि बी तर आपण विकत घेतलेल्या द्रोणातच असते! विकणाऱ्या बाईला दाम द्यावे, फळ कोणत्या बाजूच्या डोंगरावरचे हे विचारावे, त्यांतली मोठी, गोड आणि पूर्ण काळी झालेली फळे निवडून घ्यावीत. न्यू जर्सीच्या बाईंनी जे छिद्राच्या पट्टीने केले, ते आपण डोळ्यांनी आणि जिभेने करायचे.

बी पेरण्यात एकच गोष्ट सांभाळायची आहे, ती म्हणजे ताजेपणा. करवंदाचे बी साठवून ठेवले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. म्हणून फळ खाल्ले त्याच आठवड्यात बी धुऊन, गर काढून, सावलीत सुकवून पेरावे. कच्च्या करौंद्यातले बी निरुपयोगी. फळ झाडावरच पिकून जांभळे-काळे झालेले असले पाहिजे. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले खत अशा मिश्रणाच्या पिशव्यांत अर्धा इंच खोल बी टोचावे. रोपे पहिल्या वर्षी सावकाश वाढतात. पुढच्या पावसाळ्यात, मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, ती जमिनीत लावावीत.

बियांपासून झालेले झाड आईसारखेच निघेल अशी खात्री नसते. ज्यांना तशी खात्री हवी असेल त्यांनी गुटी कलम बांधावे. जुन्या बंगल्यांच्या कुंपणांत अजूनही काही चांगल्या जाळ्या उभ्या असतात. मालकाची परवानगी घेऊन, आषाढ-श्रावणात, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोल काढावी, चीक पुसून टाकावा, मुळे फुटण्याचे संजीवक लावावे आणि ओले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधावा. मुळे दिसू लागली की कलम कापून आधी कुंडीत लावावे. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा ह्या जाती आहेत, तसेच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आहे. चांगल्या रोपवाटिकांतून चौकशी केल्यास त्या मिळू शकतात.

आता जमिनीचा प्रश्न. करवंद ब्लूबेरीसारखे मातीविषयी हट्टी नाही. मुरमाड, खडकाळ, हलकी, किंचित क्षारयुक्त अशी कोणतीही जमीन त्याला चालते, आणि उन्हाचे तर त्याला भयच नाही. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळांशी साचलेले पाणी. आणि आपली काळी माती तर उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते. आपल्याकडे करवंद मेले तर ते उन्हाने मरत नाही, श्रावणात गुदमरून मरते. म्हणून दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्याच्या तळाशी विटांचे तुकडे आणि मुरूम घालावा. वर निघालेल्या मातीत तितकाच मुरूम आणि दोन घमेली कुजलेले खत मिसळून खड्डा भरावा, आणि भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. रोप त्या उंचवट्यावर लावावे, म्हणजे पाणी आपोआप निघून जाईल.

खताचा उल्लेख आला की इंदूरकराने थोडे अभिमानाने बोलावे असा एक प्रसंग आहे. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली, आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक झाले. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख ह्यांचे थर देऊन, ओलावा राखून आणि अधूनमधून परतून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी येथे बसवली. ती साऱ्या जगात ‘इंदूर पद्धत’ ह्याच नावाने ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीला यशवंत वाड ह्या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. जगातल्या कितीतरी बागांत ज्या गावाच्या नावाने खत केले जाते, त्या गावाच्या बागेत विकतचे खत यावे, हे काही बरे दिसत नाही.

ही पद्धत घरी करणे अवघड नाही. इंदुरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आता घरोघरी लागलीच आहे. उन्हाळ्यात खड्डा करावा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून जमिनीवर ढीग रचावा. हा भेद हॉवर्ड ह्यांनीही सांगितलेला आहे. वाळलेल्या पानांचा वीतभर थर, त्यावर भाजीच्या देठासालींचा पातळ थर, त्यावर शेणकाला, आणि शेवटी मूठभर राख व माती, असे थर चढवत जावेत. पिळलेल्या कापडाइतका ओलावा ठेवावा. तीन महिन्यांत तीनदा परतले की काळे, भुसभुशीत, रानातल्या मातीच्या वासाचे खत हाती येते. करवंदाला पावसाळ्याच्या आरंभी जाळीमागे एक-दोन घमेली पुरतात. ह्याहून अधिक लाड केला तर पाने माजतात आणि फळ कमी येते.

पहिले दोन उन्हाळे रोपाला आठवड्याला एकदा पाणी द्यावे. माळव्यात एखाद्या हिवाळ्यात दहिवर पडून कोवळे शेंडे करपतात, म्हणून पहिल्या दोन हिवाळ्यांत रोपावर रात्री गवताचे किंवा पोत्याचे आच्छादन घालावे. पुढे जाळीने मूळ धरले की पाण्याची आठवणही लागत नाही. मात्र फळ धरल्यावर एक-दोनदा पाणी दिले तर ते चांगले पोसते. कुंपणासाठी लावायची असल्यास तीन ते चार फुटांवर रोपे लावावीत. येथे एक निवड करावी लागते. फुले फांद्यांच्या शेंड्यांना येतात, म्हणून जे कुंपण वरचेवर कातरून चौकोनी केले जाते त्याला फळ फारसे येत नाही. नेटकेपणा हवा की करवंदे हवीत, हे घरात आधीच ठरवून घ्यावे! फळासाठी ठेवलेल्या जाळीची छाटणी फळे उतरल्यावर, वाळक्या आणि आत गुंतलेल्या फांद्यांपुरतीच करावी. काटे तीक्ष्ण असल्यामुळे जाळी दारापासून आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. ज्यांना अंगण नाही त्यांनी गच्चीवर दीड फूट रुंदीच्या, तळाला छिद्रे असलेल्या पिंपात एक झाड जरूर लावावे. ते तेथेही फळते.

बियांचे झाड साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून फळू लागते आणि पुढे भरात आल्यावर एकेका जाळीपासून तीन ते पाच किलो फळ मिळू शकते. कच्च्या फळांत पेक्टिन हे द्रव्य भरपूर असते, म्हणून त्यांची जेली इतर काही न घालता सुरेख जमते. लोणचे, चटणी, मुरंबा तर आहेतच. फार काय, केकवर मिरवणारी तांबडी ‘चेरी’ ही पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवलेले, रंग दिलेले करवंदच असते, हे किती जणांना ठाऊक आहे? पिकलेले करवंद मात्र दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या फालशाचीही तीच गत. ते तर दुसऱ्या दिवशीच उतरते. दूरचा प्रवास ज्याला सोसत नाही, त्या फळाची खरी जागा घराच्या दारीच. ताजे करवंद दुकानातल्या थंड कपाटात सापडणार नाही. ते हवे तर ज्याचे त्याने पिकवले पाहिजे.

जाळी फळू लागली की एक लहानशी वही करावी. बी कोणत्या डोंगरावरून आलेल्या फळाचे, फूल केव्हा आले, फळ केव्हा पिकले, चव कशी, एवढे चार शब्द दर वर्षी लिहावेत. ज्या बाईने ते फळ विकले तिची आठवण असेल तर तीही लिहावी; अमेरिकेत झुडपाला शोधणाऱ्याचे नाव मिळाले, आपल्या वहीत निदान एक ओळ तरी मिळावी. फळ आंबट निघाले तर निराश होऊ नये, ते लोणच्याला ठेवावे आणि पुढच्या वर्षी दुसरे बी लावावे. फळ गोड निघाले, तर त्याची गुटी बांधून दोन शेजाऱ्यांना द्यावी. एकाच अंगणात राहिलेली जात एका कुऱ्हाडीने जाते. तीन अंगणांत गेली की तिला सहसा भय नाही.

येत्या ज्येष्ठात करवंदांचा द्रोण घ्याल तेव्हा बिया फेकू नका. एक पिशवी मातीने भरून ठेवा.